नाताळच्या आधीचे चार रविवार आणि आठ ज्येष्ठ मित्रमैत्रिणी : बेत कसा आखावा?

निवांत_दुपार
नाताळचं एकच मोठं जेवण ठेवायचं आणि त्यात वर्षभराची मैत्री उरकायची, ही पद्धत पासष्टीनंतर कुचकामी ठरते असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी घरात गोंगाट असतो. ज्याला कमी ऐकू येतं तो हसून मान डोलावत बसतो. ज्याच्याकडे कुणीच येणार नसतं त्याला नेमकं त्याच दिवशी बोलावलं, तर तो 'कशाला उगाच' म्हणून टाळतो. त्यापेक्षा आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार धरावेत. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, चौथा १८ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान. दर रविवारी दोन तास, आठ जण एका टेबलाभोवती, हाताला काहीतरी काम : शुभेच्छापत्रं, कागदी चांदण्या, केक, थोडी गाणी.

आठांचा हिशेब असा. वयं ६६ ते ८३. दोघांना श्रवणयंत्र, एकीचा हात थरथरतो, एकाला मधुमेह, एकीला अलीकडे विसरायला होतं, एकाची पत्नी याच वर्षी गेली आणि एक जण अंथरुणाला खिळलेला. उरलेली एक ठणठणीत आहे, तिच्यावर सगळं टाकायचं नाही.

वेळ, बसायची व्यवस्था, कामाची वाटणी कशी करावी? कुठे फिसकटतं? गोडगोड सल्ले नकोत, मापं द्या.

खुर्चीपुराण
कामाच्या आधी खुर्च्या. बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंमी उंच आणि दोन्ही बाजूंना हात असलेली हवी. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात असतील तर ती खुर्ची बाद, कारण उठताना सगळा भार मांड्यांवर येतो आणि माणूस टेबलाला धरून उठू पाहतो. टेबल सरकतं आणि माणूस पडतो. सोफा तर नकोच. बसायला छान, पण उठायला दोन माणसं लागतात, आणि त्या संकोचाने माणूस दोन तास जागचा हलत नाही.

टेबलाची उंची ७२ ते ७५ सेंमी. खुर्चीचे हात टेबलाखाली जात नसतील तर माणूस कामापासून लांब राहतो आणि पाठ वाकवून बसतो, हे आधी तपासा. खुर्चीमागे वॉकर जाईल एवढी, म्हणजे ९० सेंमी वाट मोकळी ठेवा. सुटे गालिचे उचला. रोषणाईच्या वायरी भिंतीच्या कडेने न्या. गालिच्याखालून तर अजिबात नको. तिथे पाय अडकतो आणि वायर तापलेली दिसतही नाही. शौचालयाचा दिवा चालू ठेवा, कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणारे बरेच असतात. पहिल्या तासात त्यांना एकदोनदा उठावं लागणारच, त्यांना दाराजवळची जागा.

तिरकस_मामा
म्हणजे नाताळची नाही, ऑपरेशन थिएटरची तयारी. :)

कानसेन
मामा, हसा, पण आठ जण एका टेबलाभोवती ही कल्पनाच आधी मोडा. श्रवणयंत्र लावणाऱ्याला चार माणसांत नीट ऐकू येतं, सहांत ओढाताण होते, आठांत तो गप्प बसतो. चार-चारांची दोन टेबलं करा, मध्ये शक्य तितकं अंतर ठेवा, आणि दोन्ही श्रवणयंत्रवाल्यांना एकाच टेबलावर कोंबू नका.

वयानुसार आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स्वर ऐकू येतात. स, श, फ, त, ख हे पुसट होतात. म्हणून 'मोठ्याने बोला' हा उपाय चालत नाही. ओरडलं की स्वर मोठा होतो, व्यंजन तिथेच राहतं. थोडं सावकाश आणि समोर बघून बोलायचं. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी नको, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. मागे कॅरोल्स लावून ठेवणं पहिल्या मिनिटापासून बंद. टेबलावर जाड कापड घाला, कारण कपबशीचा खणखणाट यंत्रातून थेट कानात जातो.

बॅटऱ्या झिंक-एअर असतात. वेष्टणाचा रंग बघून क्रमांक ओळखा : १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. वरचं स्टिकर काढल्यावर चार-पाच मिनिटं हवा लागू द्यावी, मगच यंत्रात घालावी. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. दोघांनाही जादा बॅटरी खिशात आणायला सांगा.

आणि गळाभेटीत यंत्राने शिटी मारली तर ते बिघडलेलं नसतं. खांदा मायक्रोफोनजवळ आला की आवाज फिरून परत आत जातो, एवढंच.

निवांत_दुपार
दोन टेबलं मान्य. शुभेच्छापत्रांचं कसं करावं?

रेघोटी
आधी कागद. गुळगुळीत चकचकीत कार्ड घेऊ नका. शाई वाळत नाही, फासते, आणि दिव्याची तिरीप डोळ्यात येते. मॅट, किंचित पिवळसर कागद आणि काळी शाई. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोचतो, म्हणून वरच्या ट्यूबलाइटवर भागत नाही. प्रत्येक टेबलावर एक दिवा, लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने.

थरथरणाऱ्या हाताचे प्रकार वेगळे. काम करताना हात हलतो, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं येतं, अशांनी कोपर आणि मनगट दोन्ही टेबलावर टेकवावीत. बॉलपेन नको, ते दाबावं लागतं. स्केचपेनसारखं फेल्ट टोक घ्या. पेनावर फोमची नळी चढवली की पकड जाड होते. कॉफी द्यायची ती लिहून झाल्यावर. पार्किन्सनमध्ये उलट होतं, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जातं. तिथे कार्डाखाली ठळक रेघांचा कागद ठेवून उपयोग होतो, रेघांमध्ये सव्वा ते दीड सेंमी अंतर.

एका बैठकीत माणशी सहा कार्डं पुरे. परदेशी जाणारी पहिल्या रविवारी, बाकीची दुसऱ्या. पत्त्यांची यादी १६ पॉइंटच्या अक्षरात छापून घ्या.

सगळ्यात जास्त फिसकटतं ते यादीत. जुन्या वहीत गेलेल्यांची नावं असतात, आणि 'श्री. व सौ.' असा पत्ता तसाच उतरला जातो. मागे राहिलेल्याला ते पाकीट मिळतं. यादी बैठकीच्या आधी कुणीतरी एकाने फोन करून नवी करावी. सगळ्यांसमोर बसून नावांवर काट मारत जाऊ नये.

इतिहासाचा_किडा
अवांतर : पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३चं, लंडनमधलं. हेन्री कोल या कामात बुडालेल्या अधिकाऱ्याने चित्रकार जॉन हॉर्स्लीकडून ते काढून घेतलं, कारण इतक्या जणांना पत्रं लिहायला त्याच्याकडे वेळ नव्हता. म्हणजे कार्ड जन्मालाच आलं ते पत्र टाळण्यासाठी. आपल्याकडे वेळच वेळ आहे, तर छापील मजकुराखाली दोन ओळी हाताने लिहाव्यात ही विनंती.

अजून_तरुण
माफ करा, पण मला हे सगळं पटत नाही. कात्री, कागद, चांदण्या, रांगेत गाणी... सत्तरीतल्या माणसांची ही बालवाडी झाली. आयुष्यभर कचेऱ्या, शाळा, घरं चालवलेल्या माणसांना 'हाताला काम' देऊन रमवायचं? नुसतं बसू द्या, गप्पा मारू द्या.

घडीबाज
अजून_तरुण, आठ जणांना नुसतं बसवलं की दोघे बोलतात आणि सहा ऐकतात. ज्याला ऐकू येत नाही, जिला शब्द आठवत नाही, ज्याला सध्या काही सांगावंसंच वाटत नाही, हे तिघे अर्ध्या तासात भिंतीकडे बघायला लागतात. हातात काम असलं की न बोलणं खपून जातं. एवढ्याचसाठी काम.

बालवाडीचं म्हणाल तर नेम अचूक लागलाय. मी जी चांदणी सुचवणार आहे ती फ्रेडरिक फ्रोबेलच्या नावाने ओळखली जाते, आणि किंडरगार्टन हे नाव त्यानेच १८४० मध्ये दिलं. मात्र ही चांदणी पोरखेळ नाही, एका दमात जमली तर मला कळवा.

माप : सारख्या रुंदीच्या चार पट्ट्या, रुंदी-लांबी १:३०. पुस्तकी माप दीड सेंमी × ४५ सेंमी. आखडलेल्या बोटांना ते बारीक पडतं, अडीच × ७५ घ्या. कागद ९० ते १०० जीएसएम (कागदाचं वजनी माप), दोन्ही बाजूंनी रंगीत. १२०च्या वर गेलात की घडीवर तडकतो. चमकीचा कागद निसटतो.

१. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडा, टोकं तिरपी कापा. तिरपी कापली नाहीत तर शेवटी ती फटीत शिरत नाहीत.
२. दुमडलेल्या चार पट्ट्या एकमेकींच्या दुमडीत अडकवून मध्ये चौकोन विणा आणि चारही बाजूंनी ओढून घट्ट करा. निम्म्या चांदण्या इथेच बिघडतात. वीण सैल राहिली की पुढे सगळं सुटतं.
३. वरचे पदर क्रमाने मागे वळवा, शेवटचा पहिल्याखाली खोचा. आता आठ शेपट्या मोकळ्या राहतात.
४. प्रत्येक शेपटीचा त्रिकोण, मग परत त्रिकोण, आणि टोक शेजारच्या फटीत. चार एका बाजूने, मग उलटवून चार. आठ सपाट टोकं झाली.
५. मग त्याच पट्ट्यांना पीळ देऊन मधल्या चौकोनाच्या फटीतून सारायच्या, उभी टोकं येतात. पुढे चार, मागे चार. एकूण सोळा. उरलेलं कापून टाका.

पाचवी पायरी अवघड. पीळ देताना पट्टीची मूळची बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर टोक चपटं होतं. पट्टी अडली तर ढकलू नका, कागद चुरगळतो. फट टूथपिकने उघडा. टेबलावर चार माणसं असतील तर एकाने कापणं, एकाने वीण, एकाने सपाट टोकं, एकाने उभी. ज्यांना विसरायला होतं त्यांच्याकडे पट्टी मधोमध दुमडून चमच्याच्या पाठीने घडी दाबणं द्या. पायरी एकच, आणि चांदणीचा सगळा सरळपणा त्या घडीवर अवलंबून असतो, त्यामुळे दिखाऊ काम दिल्यासारखं वाटत नाही.

अजून_तरुण
'न बोलणं खपून जातं' हा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतला. पण मग नियम करा : चांदण्या किती झाल्या याची मोजदाद नको आणि 'वा, छान जमली हं' असं लाडं-लाडं बोलणं नको.

तिरकस_मामा
वा, छान जमला हं प्रतिसाद.

रांधा_वाढा
केक दोन तासांच्या बैठकीत बसत नाही, हे आधी लिहून ठेवा. २० सेंमीच्या गोल डब्याला मैदा, लोणी, साखर प्रत्येकी २२५ ग्रॅम, ४ अंडी, सुकामेवा ८०० ग्रॅम; १५० अंशांवर तीन तासांनंतर सुई घालून बघायला सुरुवात करायची, साडेतीन-पावणेचारही लागतात. तेव्हा बैठकीत फक्त चिरणं आणि भिजवणं, भाजणं दुसऱ्या दिवशी यजमानीणबाईंच्या सवडीने. भिजवायला १५० मिली संत्र्याचा रस, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर.

सुकामेवा तळाला बसतो त्याची कारणं दोन : तो ओला राहिला किंवा मिश्रण पातळ झालं. निथळून घ्या आणि मोजलेल्याच मैद्यातले दोन चमचे त्यावर घोळवा. वर भेग पडली तर आच जास्त झाली. डब्याला दुहेरी कागद लावा, अर्ध्या वेळानंतर वरही कागद झाका. रसातला केक दारूतल्यासारखा महिनाभर टिकत नाही, म्हणून तिसऱ्या रविवारी भिजवा, चौथ्याला खा.

कवळी असेल तर अंजीर वगळा, त्याच्या बिया कवळीखाली जाऊन टोचतात. बदाम अख्खे नको, पूड. टॉफी तर टेबलावर येऊच देऊ नका.

गोळ्यांचा_डबा
रांधा_वाढा यांना जोड. रम घालणारे नेहमी म्हणतात 'भाजताना उडून जाते'. सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर शिजवल्यावर साधारण २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के उरते. शिवाय भाजल्यावर वरून जी पाजतात ती तर सगळीच राहते. झोपेची गोळी किंवा मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असणाऱ्यांना वरून पाजलेला केक देऊ नका.

साल घालताना ग्रेपफ्रूटची नको. सिम्वास्टॅटिन, अटॉर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तिच्यामुळे रक्तात जास्त साठतात. ज्येष्ठमधाची काळी गोळी-मिठाई जास्त झाली तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती बाजूला ठेवावी.

मधुमेहवाल्यांसाठी 'बिनसाखरेचा' फ्रूटकेक म्हणजे फसवणूक आहे, मनुका-खजूर म्हणजे साखरच. त्यापेक्षा खराच केक, ४० ग्रॅमची पातळ चकती, जेवणाला जोडून. इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण गप्पांत लांबलं तर साखर उतरते. जेवण घड्याळाप्रमाणे वाढा आणि साखर हाताशी ठेवा. शिंकत-खोकत कुणी येऊ नये, हे आधीच ठरवून टाका. फ्लूची लस घ्यायची तर पहिल्या रविवारच्या दोन आठवडे आधी, परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो.

काळी_दोन
गाण्यांबद्दल कुणीच बोललं नाही. वयानुसार बायकांचा आवाज खाली येतो, आणि छापील स्वरलिपी तरुण गळ्यांसाठी असते. पांढरी पाचमधलं गाणं पांढरी तीन किंवा काळी दोनमध्ये घ्या. वरचा सूर किंचाळत गाठावा लागला की पुढच्या कडव्यापासून माणसं नुसते ओठ हलवतात. लयही थोडी कमी, पण रेंगाळू नका. श्वास पुरत नाही म्हणून ओळीच्या मध्ये श्वासाची जागा आधी ठरवा आणि कागदावर ओळ तिथेच तोडा. एका पानावर एक गाणं, १८ पॉइंट, मागे पुठ्ठा. गाणी शेवटी ठेवू नका, तोवर सगळे दमलेले असतात. पन्नास मिनिटं काम, मग गाणी, ज्यांना जमेल त्यांनी उभं राहून. आखडलेले पायही त्यात मोकळे होतात.

निवांत_दुपार
खूप उपयोगी. दोन गाठी अजून सुटलेल्या नाहीत : विसरणारी मैत्रीण आणि यंदा एकटा पडलेला मित्र.

हळूहळू
मैत्रिणीसाठी वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो, त्यामुळे 'दिवे लागल्यावर छान वाटेल' हा मोह टाळा. चारही रविवारी तीच खुर्ची, तोच क्रम. नावाच्या चिठ्ठ्या सगळ्यांनी लावायच्या, तिने एकटीने नाही. 'ओळखलंस का?' हा प्रश्न कुणीही विचारू नये. आल्या आल्या आपलं नाव सांगून मोकळं व्हावं. आदल्या दिवशीचा फोन वाया जातो. त्या सकाळी 'अर्ध्या तासात न्यायला येतेय' असा करा. एखादी गोष्ट तिने तिसऱ्यांदा सांगितली तर तिसऱ्यांदा ऐकावी. दुरुस्त केलेलं तिच्या लक्षात राहत नाही, अपमान मात्र राहतो.

मित्राला 'येशील का?' विचारलं की उत्तर 'बघू' येतं. 'रविवारी दहाला येतो. नको वाटलं तर दारातूनच परत जाईन,' असं सांगावं आणि खरंच तसं करावं. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य निरुपयोगी. ज्याला लागतं तो सांगत नाही. जोडप्याने बसायच्या जुन्या जागा मोडून सगळ्यांच्याच जागा बदला, म्हणजे एकच खुर्ची रिकामी दिसणार नाही. गेलेल्या पत्नीचं नाव घ्यायला बिचकू नका. सगळे मिळून टाळायला लागले की त्यालाच ते सांभाळावं लागतं. तिच्या हातचं एखादं ठरलेलं काम असेल तर ते कुणी करायचं, हे त्याला एकट्याला आधी विचारा. सगळ्यांसमोर नको.

मुक्काम_पोस्ट
+१. आणि २६ ते ३१ डिसेंबर विसरू नका. चार रविवार सगळे जवळ असतात, नंतर एकदम शुकशुकाट. २७ तारखेचं कुणीतरी आत्ताच पक्कं करा.

तिरकस_मामा
आणि मेणबत्त्यांचं ते चक्र? चार रविवार म्हटले की चार मेणबत्त्या हव्यातच ना?

इतिहासाचा_किडा
चक्र हवंच. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न यांनी गरीब, निराधार मुलांच्या आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दूर आहे ते कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान तांबड्या. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून बरोबर चोवीस. आजच्या चक्रात रविवारच्या चारच उरल्या.

खुर्चीपुराण
खऱ्या मेणबत्त्या लावायच्या तर घरात ऑक्सिजन चालू असलेलं कुणी नाही ना ते बघा. ज्योत त्यापासून किमान तीन मीटर लांब हवी, आणि सैल बाह्या, शाली, स्कार्फ हाही धोका. एलईडी सोपी. मात्र तिच्यात बटणसेल असतो, तो लहान नातवंडाने गिळला तर अन्ननलिका भाजते. स्क्रूने बंद होणारं झाकणच घ्या.

सिमकार्ड
अंथरुणावरच्या मित्राचं अजून कुणी बोललं नाही. दोन तासांचा व्हिडिओ कॉल लावून फोन कोपऱ्यात ठेवू नका, त्याला छत आणि पाठी दिसतात. वीस मिनिटं पुरे. त्याच्याकडे फोन पलंगाच्या दांडीला लवचिक स्टँडने, डोळ्यांच्या रेषेत. इकडचा कॅमेरा टेबलावरच्या हातांकडे वळवा. एक जण फोनशेजारी बसून कोण बोलतंय ते सांगेल. एकत्र गाणं कॉलवर जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. शिवाय ॲप गाण्याला गोंगाट समजून कापतं. इकडून गा आणि त्याचा माइक बंद ठेवायला सांगा, तो तिकडे आपल्या लयीत गाईल.

त्याला कामही द्या. रेघोटी म्हणतात ती पत्त्यांची यादी त्याच्याकडेच. फोन करून ती नवी करणं पडल्या पडल्या होतं, आणि मग कार्ड कुणाला जायचं राहिलं हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. सगळ्यांना त्याला विचारावंच लागतं.

जाता जाता : डिसेंबरात 'तुमचं पार्सल अडकलंय' असे लिंकवाले मेसेज आणि 'आजी, मी अडचणीत आहे' असे फोन वाढतात. आवाज हुबेहूब असू शकतो. फोन ठेवून आपल्याकडच्या जुन्या नंबरवर उलट फोन करायचा. पहिल्या रविवारी दहा मिनिटं यालाही द्या.

निवांत_दुपार
तर मग असं : साडेदहा ते साडेबारा, दोन टेबलं, एकावर चार आणि एकावर तीन. तीनच्या टेबलावरची चौथी जागा फोनच्या स्टँडसाठी. पहिल्या रविवारी परदेशी कार्डं आणि फसवणुकीची दहा मिनिटं, दुसऱ्या रविवारी बाकीची कार्डं, तिसऱ्याला चांदण्या आणि सुकामेवा चिरणं, चौथ्याला केक. गाणी दर वेळी मध्ये, काळी दोनमध्ये. यादी मित्राकडे आजच पाठवते. घडीबाज, तीन जणांच्या टेबलावर पाचवी पायरी कुणाकडे द्यावी?

घडीबाज
थरथरणाऱ्या हाताला नको. त्यांना वीण द्या, तिथे ओढायचं असतं, नेम धरायचा नसतो. पाचवी अजून_तरुण यांच्यासारखं कुणी तक्रारखोर असेल त्याच्याकडे.

अजून_तरुण
पट्ट्या अडीच सेंमीच्याच कापा मग. आणि टूथपिक जास्त ठेवा.